आक्काच्या अंगणातली हवा

आमच्या घराच्या पुढच्या भिंतीला शाळेतून मोडीत निघालेला एक फळा टांगला आहे. त्यावर रोज सकाळी साडेसहाला माझा नवरा खडूने हवा लिहितो. 'दुपारी एकपर्यंत उघाड. नंतर धुकं. ओढा लवकर ओलांडा.' बस, एवढंच. पण पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी हे एवढंच वाचायला पन्नास-पन्नास माणसं फळ्यापुढे उभी असतात, फोटो काढतात आणि आपापल्या ग्रुपवर टाकतात. पुण्यात, नाशकात, नगरात, कुठेही घोडमाथ्यावर चढायचा बेत ठरला की कुणीतरी म्हणतंच, आधी छगनदादांची हवा बघा.

छगनदादा म्हणजे आमचे हे.

आमची उंबरवाडी भंडारदऱ्यापासून बरीच आत, डांबरी रस्ता संपतो तिथे. घरामागे घोडमाथा, त्याच्या पलीकडे सरळसोट कडा आणि कड्याखाली कोकण. पावसाळ्यात वरची हवा कशी असते, ते ज्याने बघितलं नाही त्याला सांगून पटत नाही. दहाला लख्ख ऊन असतं, सव्वादहाला स्वतःचा हात दिसत नाही, आणि ज्या ओढ्यातून बूट न भिजता आलात तो अकराला कमरेएवढा झालेला असतो. मोबाईलवर दिसणारी हवा भंडारदऱ्याची असते, नाहीतर अकोल्याची. घोडमाथ्याची हवा फक्त छगनदादांना कळते, अशी त्यांची ख्याती.

कशी कळते, ते सांगते. रोज पहाटे सहाला हे घरामागच्या मोठ्या दगडावर जाऊन उभे राहतात. एक हात कमरेवर, दुसरा कानाशी, नजर पश्चिमेला. खालून बघणाऱ्याला वाटावं, माणूस वाऱ्याचा कानोसा घेतोय. शहरातल्या एका पोरीने त्याचा व्हिडिओही काढला होता. कुणी विचारलंच तर हे चेहरा गंभीर करून म्हणतात, "वडलांकडनं आलेली विद्या हाय." वडलांकडून आलेलं आहे, ते खरं. फक्त ती विद्या नाही, बहीण आहे. अख्ख्या उंबरवाडीत मोबाईलला रेंज त्या एका दगडावर मिळते, आणि कानाशी नेलेल्या हातात मोबाईल असतो.

बहीण म्हणजे माझी थोरली नणंद, बायडाबाई. आम्ही तिला आक्का म्हणतो. ती कड्याखालच्या कुडपाड्याला दिलेली. तिच्या अंगणातून पश्चिमेला लांबवर माहुलीचा किल्ला दिसतो. समुद्राकडून येणारा पाऊस आधी माहुली गिळतो, मग मधलं रान, मग कुडपाडा, आणि मग कडा चढून आमच्या डोक्यावर येतो. माहुली स्वच्छ दिसत असली की आम्हाला तीन तास तरी काळजी नाही. फिकट झाली तर धुकं. आणि माहुली बुडाली, म्हणजे पार दिसेनाशी झाली, की दीड-दोन तासांत घोडमाथ्यावर पाऊस ठरलेला. शिवाय वारा कुठल्या अंगाने येतोय, ढग पांढरे की शिशासारखे, तेही बघून आक्का दिवसभराचा अंदाज बांधते. तीस वर्षं त्याच अंगणात ती भात वाळवतेय. तिला नाही कळणार तर कुणाला?

सासरे रखमाजी वारले त्या वर्षापासून हे चालू आहे. पाच वर्षं रोज पहाटे फोन. आक्का हवा सांगते, हे फळ्यावर लिहितात, लोक ह्यांना हात जोडतात. हे गुपित घरात आम्हा दोघांना आणि तिकडे आक्काला. मी म्हणायचे, अवो, एकदा तरी सांगा की लोकांना. हे म्हणायचे, "सांगू की. घाई काय हाय?"

तर यंदा झालं काय, की नागपंचमी आली सोमवारी. त्याच्या आधी रविवार, आणि शनिवारी पंधरा ऑगस्ट. सलग तीन सुट्ट्या! घोडमाथ्यावर नुसती जत्रा होणार होती. आमच्याकडे जेवायला साठ ताटं आधीच सांगून ठेवलेली, आणि नगरजवळच्या सावेडीच्या चेतन सरांची चौतीस जणांची पार्टी रविवारी चढून सोमवारपर्यंत राहणार होती. हे बँकेतले चेतन सर दरवर्षी येतात. मोबाईलवर हवेची तीन ॲपं ठेवतात आणि तरी फळा वाचल्याशिवाय पाऊल उचलत नाहीत.

आता पंचमी म्हटलं की आमच्याकडे सासरी गेलेली लेक माहेरी आणायची असते, आणि तिला आणायला जो जातो तो मुराळी. बाप नाहीतर भाऊ. सासरे होते तोवर दरवर्षी सांबरदाराच्या वाटेने कडा उतरून जायचे, हातात काठी, पाठीवर घोंगडी, आणि दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन वर यायचे. नंतर हे जायला लागले. आक्काचे गुडघे बोलायला लागल्यापासून पायवाट सुटली, मग कसारा घाटाने फिरून चार तासांनी गाडीतून आणायचं. आक्काला आता स्वतःला दोन सुना आहेत. पण मुराळी आल्याशिवाय ती उंबरठा ओलांडत नाही. म्हणते, "माजा भाऊ मला न्यायला येतो, ते सुनांनी बघाय नगं?"

शनिवारी ह्यांना जायचं होतं, आणि शनिवारीच दारात साठ माणसं. हे डोकं धरून बसले. आणि इथे मला जे सुचलं ते सुचायला नको होतं.

"कल्याणची जीप पाठवू," मी म्हटलं. "आक्काला काय, गाडीत बसून यायचंय. तुमी गेलात काय आन न गेलात काय!"

ह्यांना ते लगेच पटलं. इतकं लगेच, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. कल्याण हा गावातलाच जीपवाला, पोरगा सरळ आहे. सकाळी सातला निघाला. जोडीला ह्यांनी नागोबाचं चित्र असलेला शुभेच्छांचा मेसेजही आक्काला पाठवला.

संध्याकाळी जीप आली. रिकामी.

हे फळ्याजवळ कुणाशी तरी बोलत होते, म्हणून कल्याण आधी माझ्याकडे चुलीपाशी आला. "वैनी, आक्का न्हाई आल्या. म्हनल्या, यंदा राखीबी जीपलाच बांधते म्हनावं."

मला आधी हसूच आलं. मग तो मान खाली घालून म्हणाला, "नवं लुगडं नेसून, पिशवी घिऊन वसरीवर बसल्या हुत्या वो. मी उतरलो तं उठून गाडीपशी आल्या. मागच्या शिटावर वाकून बघितलं. एकदा न्हाई, दोनदा. मग पिशवी घिऊन आत गेल्या."

हसू गेलंच माझं. राखीचं मी ह्यांना सांगितलं. दोनदा वाकून बघितल्याचं नाही सांगितलं. जीपची अक्कल माझी होती, म्हणून ते सांगायला माझी जीभच वळेना.

रविवारी पहाटे हे दगडावर गेले. मी खालून बघत होते. फोन कानाला, मग खाली, मग परत कानाला. पंधरा वेळा तरी लावला असेल. आक्का उचलत नव्हती, वाजला की कापत होती. सव्वासहाला हे खाली आले. चेहरा पडलेला, पण फळ्यापुढे चेतन सर आणि त्यांची माणसं पाठीवर पिशव्या अडकवून तयार. हातात चहाचे कप, डोळे फळ्याकडे. वर आभाळ निळंशार, ढगाचा एक ठिपका नाही.

ह्यांनी खडू घेतला आणि लिहिलं, 'दुपारपर्यंत उघाड.'

मी ह्यांना चहाच्या निमित्ताने आत बोलावलं. "कुनाला इचारून लिवलंत?"

"उघाड दिसतंय की."

"ते तं चेतन सरांनाबी दिसतंय! मग तुमची काय गरज?"

"विजे, हळू बोल," म्हणाले आणि पार्टीच्या पुढे होऊन चालायला लागले.

मी पिठात हात घातला खरा, पण मन लागेना. मला राग आला की माझ्या हातून भाकरी थापली जात नाही, नुसती आपटली जाते. साडेआठला मी तशीच उठले, हात परातीतच झटकले आणि दगडावर जाऊन आक्काला फोन लावला. पहिल्या घंटीला उचलला.

"आक्का, मी विजयमाला."

"तू हायस व्हय. बोल."

"रागावलासा?"

"मला कशाला राग येतोय? जीप झकास हुती. शिटा कशा मऊ हुत्या!"

"आक्का, त्ये जीपचं..."

"वर कुनी गेलंय का गं आज?" तिने मध्येच विचारलं.

"चौतीस जनं हायेत. आन हे."

मग आक्का अशी ओरडली की मी फोन कानापासून लांब धरला. "कुनाला इचारून गेला त्यो? आगं, माहुली बुडून पाव घंटा झाला! काळंशार आलंय हिकडं! मी आपली फोन कापत बसले. म्हनलं हवा कळली न्हाई म्हंजी ह्यो कुनाला वर सोडनारच न्हाई. पळ विजे, पळ!"

मी पळाले. घरी सांगायलासुद्धा थांबले नाही. लुगड्याचा ओचा खोचला, चपला हातात घेतल्या आणि डोंगराला लागले. शहरातल्या माणसांना ओढ्यापर्यंत जायला दोन तास लागतात, वाटेत प्रत्येक फुलाचा फोटो काढायचा असतो ना. मी माहेरची राजूरची, पण अठरा वर्षं ह्या डोंगरात शेळ्या हाकल्यात. पाऊण तासात पठारावर पोचले. छातीत भाता चालला होता.

पठारावर छान ऊन पडलेलं. पार्टी ओढ्याच्या काठावर बसून खाकरे खात होती, आणि चारपाच जणं बूट काढून पाण्यात उतरायच्या बेतात होती. पश्चिमेला कड्याच्या वर मात्र धुरासारखी एक बारीक रेघ दिसायला लागली होती. ती मला दिसली, कारण मला माहीत होतं. मी तिथूनच ओरडले, "माहुली बुडाली!"

चेतन सर ताडकन उठले. "कोण बुडालं? कुठे?"

ह्यांनी मात्र वळून माझ्याकडे बघितलं. खोचलेलं लुगडं, पीठ वाळलेले हात. ह्यांचा चेहरा असा उतरला की काय सांगू. पण माणूस डोंगराचा आहे, घाबरून उभा राहिला नाही. शिट्टी मारली. "समदे मागं फिरा. आत्ताच्या आत्ता."

"पण दादा," चेतन सर म्हणाले, "फळ्यावर तर दुपारपर्यंत उघाड आहे. माझ्याही मोबाईलवर ऊनच दाखवतंय, बघा." खरंच त्या काचेवर एक पिवळा सूर्य हसत होता.

सगळे ह्यांच्याकडे बघत होते. आता ह्यांनी सांगायला हवं होतं की नाही? ह्यांनी काय केलं, तर नाक वर केलं, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "वाऱ्याचा वास बदलला."

मी दात चावले. भांडायला वेळ नव्हता. कोंबड्या खुराड्यात घालाव्यात तशी ती माणसं मी पुढे घातली. अर्ध्या वाटेवर पाठीमागून अंधार आला, मग वारा, मग पाऊस. पाऊस म्हणजे बादल्याच. शेवटच्या टप्प्यावर आलो तेव्हा वरून ओढ्याचा आवाज यायला लागला होता, जातं फिरल्यासारखा. पलीकडे उतरलेली माणसं त्या दिवशी अलीकडे आली नसती. कितीजण असती आणि त्यांचं काय झालं असतं, ते मी मनात आणतच नाही.

चौतीसच्या चौतीस जण आमच्या पडवीत पोचले. नखशिखांत भिजलेले, पण धड. मी चुलीवर चहाचं पातेलं चढवलं. बाहेर टाळ्या वाजायला लागल्या. टाळ्या कुणाला, तर छगनदादांना! "दादा, कमाल आहे तुमची! नुसत्या वासावर!" एक पोरगी मोबाईल रोखून म्हणाली, "दादा, परत एकदा तसा वास घ्या ना." आणि ह्यांनी, देवाशपथ सांगते, परत नाक वर केलं.

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी आतून हाक मारली. ती हाक ऐकून टाळ्याही थांबल्या. हे आत आले.

"आक्कानं तुमाला चौतीस मानसं परत दिली," मी म्हटलं, "आन तुमी नाक वर करून फोटू काढताय?"

"विजे, त्यांच्यापुढं कसं सांगू?" हे अगदी हळू आवाजात बोलले. "मला दुसरं येतं काय? शेतीचा ह्यो एवढा तुकडा, नोकरी न्हाई. ह्या फळ्यामुळं लोक मला दादा म्हंत्यात. उद्या म्हंतील, ह्यो तर बहिनीला फोन लावतो. मग काय ऱ्हाईल माजं?"

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. हा माणूस पाच वर्षं ताठ मानेने चालतोय तो त्या खडूच्या चार ओळींवर, हे मला ठाऊक होतं. पण मग मला जीपच्या मागच्या शिटावर वाकून बघणारी आक्का दिसली. मी ते सगळं ह्यांना सांगितलं. नवं लुगडं, पिशवी, दोनदा वाकून बघणं, सगळं.

हे चुलीशेजारी पाटावर बसले. मग उठले, खुंटीवरची छत्री घेतली आणि कल्याणला हाक मारली.

"कोरडं तरी घाला काहीतरी," मी म्हटलं.

"नगं," म्हणाले आणि ओल्या कपड्यांनीच जीपमध्ये बसले.

सोमवारी सकाळी साडेसहाला फळा कोरा होता. पार्टीतल्या माणसांना वर जायचं होतं, पाऊसही थांबला होता. चेतन सर तीनदा येऊन गेले. "वहिनी, दादा कुठे? आज हवा कशी?" मी सांगितलं, दादा हवा आणायला गेले आहेत. त्यांना वाटलं मी चेष्टा करते.

मला मात्र वेगळीच काळजी होती. आक्का आली नाही तर? चाळिशी ओलांडलेला भाऊ हात हलवत परत आला, तर त्याचं तोंड मी कसं बघायचं? आणि मूळ करणी कुणाची, तर माझी. पंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून पुरण भरून उकडायच्या दिंडांसाठी मी पुरण वाटत बसले होते. श्रावणी सोमवारचा उपासही होता, म्हणजे दिंडं संध्याकाळीच. हात पाट्यावर होते आणि कान रस्त्याकडे.

दहाला जीप आली. आधी हे उतरले, त्याच ओल्या-वाळक्या कपड्यांत. वळून मागचं दार उघडलं, हात दिला. आक्का उतरली. मी पाय धुवायला पाणी घेऊन पुढे गेले, पण आक्का अंगणातच थांबली.

"काल रातच्याला ह्यानं कबूल केलं," ती माझ्याकडे बघत म्हणाली. "म्हनला, जीपची अक्कल माजी."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे आभाळाकडे बघत होते. गप्प राहिले असते तर निभावलं असतं. पण माझी चूक हा माणूस स्वतःच्या अंगावर घेऊन आला होता, आणि मला ते सोसेना. "त्यांची न्हाई आक्का," मी म्हटलं. "माजी हुती."

"मला ठावं हाय," आक्का म्हणाली. "त्याला एवढं सुचतंय व्हय?" आणि पाय पुढे केले. मी पाणी घातलं. पाणी घालता घालता मला रडू आलं आणि तिने माझ्या पाठीत एक धपाटा घातला.

तोवर पार्टी जमा झाली होती. हे फळ्याजवळ जाऊन उभे राहिले. खडू हातात घेतला, परत ठेवला.

"मंडळी, एक सांगायचं ऱ्हाईलंय," हे म्हणाले. "हवा मी सांगत न्हाई. कवाच सांगत नव्हतो. ही माजी बहीन सांगती. खालनं, तिच्या अंगनातनं. कालबी तिनंच सांगितलं. मी तिला न इचारता फळा लिवला, आन तुमाला वर न्हेलं. चूक झाली माजी."

मग चेतन सरांनी विचारलं, "आणि तो वाऱ्याचा वास, दादा?"

"वास कसला? मला काल सर्दी हुती."

एकजण फिसकन हसला, आणि मग सगळेच. चेतन सर हसले नाहीत. त्यांनी पुढे होऊन आक्काला वाकून नमस्कार केला. त्यांच्या मागे एकेक करून सगळी रांगच लागली. चौतीस नमस्कार घेऊन आक्का अवघडून गेली. ह्यांना कुणी दादा म्हणायचं सोडलं का? नाही. उलट दोघातिघांनी ह्यांचा हात धरून हलवला. माणसाला आपली भीती किती मोठी वाटते, आणि ती दहा मिनिटांत अंगणातल्या अंगणात संपते.

शेवटी चेतन सरांनी विचारलंच. "आक्का, मग आज वर जाऊ का?"

"हितनं मला काय दिसतंय?" आक्का म्हणाली. "आन माहेरी आलेल्या बाईला काम सांगत्यात व्हय?"

मग मीच खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, 'आक्का माहेरी आहेत. गुरुवारपर्यंत हवा मिळणार नाही. वर कुणी जाऊ नये.' त्या दिवशी घोडमाथ्यावर एकही माणूस गेला नाही. जांभळीला झोका बांधला, त्यावर आधी आक्का बसली, मग शहरातल्या पोरींनी रांग लावली. फुगडी कशी घालतात ते शिकवता शिकवता माझा खांदा भरून आला. संध्याकाळी दिंडं उकडली. चेतन सरांनी तुपात बुडवून सात खाल्ली आणि पडवीत आडवे झाले.

रात्रीची जेवणं उरकल्यावर मी आक्काचे गुडघे चोळत होते. हे उंबऱ्याशी बसले होते. आक्का सहज बोलल्यासारखं बोलली. "पाच वरसं रोज सकाळी फोन येतो. माज्या सुना म्हंत्यात, आत्याबाईंचा भाऊ किती जीव लावतो! रोज इचारपूस करतो. मीबी म्हंते, व्हय बाई. त्यास्नी काय ठावं, फोन माहुलीला असतोय म्हनून." जरा थांबून म्हणाली, "मागल्या साली तापानं फणफणले हुते. तवाबी उठून अंगनात गेले, माहुली बघितली आन सांगितलं ह्याला. ह्यो म्हनला, बरं, ठिवतो."

ती रागाने बोलत नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. हे उंबऱ्यावरून उठून आले, माझ्या हातातली तेलाची वाटी घेतली आणि बहिणीचा दुसरा गुडघा चोळायला बसले.

गुरुवारी हे स्वतः तिला पोचवून आले. शुक्रवारी कुणी चढणारं नव्हतं. शनिवारी सिन्नरची एक पार्टी आली, वीसेक माणसं. सहाला हे दगडावर गेले आणि या वेळी मीही मागोमाग गेले, कारण मला ऐकायचं होतं. आता लपवायचं काही नव्हतंच, म्हणून फोन स्पीकरवर होता.

"आक्का," हे म्हणाले, "कशी हायस?"

पलीकडून आक्काचा घाबरलेला आवाज, "का रं? काय झालं? कोन गेलं?"

"कोन न्हाई गं. सहज इचारलं. बरी हायस ना?"

पलीकडे शांत. मला वाटलं, रेंज गेली. मग आक्का बोलायला लागली. डावा गुडघा बरा आहे, उजवा रात्री ठणकतो. धाकटी सून भाजीत मीठच टाकत नाही. म्हैस गाभण आहे, पण लक्षण काही बरं दिसत नाही. दाजींना कानाचं यंत्र घ्यायला सांगितलं तर ते ऐकतच नाहीत. हे आधी उभे होते, मग दगडावर बसले. पाच वर्षांत पहिल्यांदा बसलेले बघितले मी. मधूनमधून "व्हय?", "मग?", "आसं कसं म्हनली ती?" करत होते. एकदा तर मोठ्याने हसले. अर्धा तास झाला, खाली सिन्नरवाले फळ्यापुढे येरझाऱ्या घालत होते.

फोन ठेवून हे खुशीत खाली आले. खडू उचलला, फळ्यावर टेकवला आणि तसेच थांबले.

"काय झालं?" मी विचारलं.

हे हळूच माझ्याकडे वळले. "विजे, हवा इचारायची ऱ्हाईली की!"

हे पुन्हा दगडाकडे पळाले, आणि मी सिन्नरवाल्यांसाठी चहाचं दुसरं आधण ठेवलं.